दर कपाला

चिमीचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून दुकानात तिला दराच्या चिठ्ठ्या लिहायचं काम मिळालं. साहेब कागद द्यायचे, ती उतरवून काढायची. डोकं वापरायचं नाही, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि सहा महिने चिमीने ते कसोशीने पाळलं.

आज चहाच्या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावताना घात झाला. पाव किलोचा पुडा एकशेवीसला; खाली 'शंभर ग्रॅमला अठ्ठेचाळीस'. किलोचा 'महाबचत' पुडा पाचशेसाठला. खाली 'कपाला फक्त एक रुपया बारा पैसे'.

तिने मनातल्या मनात भागाकार केला. महाबचत शंभर ग्रॅमला छप्पन्न पडत होती.

"साहेब, मोठा पुडा महाग आहे."

"महाग नाही, मोठा आहे."

"मग एकाला ग्रॅम आणि दुसऱ्याला कप कशाला?"

"साबणाला आपण दर अंघोळीमागे लावलाय. तेव्हा बोललीस?"

"कप कोणाचा पण?"

"सरासरी माणसाचा."

चिमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात तो सरासरी माणूस ढकलगाडी घेऊन आला. ती तिची आत्या होती. गाडीत महाबचतीचा पुडा होता.

"आत्या, तो ठेव. छोटे चार घे, ऐंशी वाचतील."

"चिठ्ठीवर तर बचत लिहिलंय."

"खोटं आहे ते."

"अगं, अक्षर तुझं आहे!"

आत्याने चिमीला हात धरून पाटीवर गिरवायला शिकवलं होतं. ते अक्षर ती लांबून ओळखायची आणि दर महिन्याला त्याच्या भरवशावर पुडा उचलायची.

"किती महिने?" आत्याने विचारलं.

"सहा."

आत्या हिशोबाला पक्की. "चारशेऐंशी. म्हणजे किलोभर चहा मी या दुकानाला पाजला. आणि तू लिहीत बसलीस?"

साहेब मधे पडले. "बाई, आवाज..."

"तुम्ही गप्प बसा हो! मी घरातलं बोलतेय."

चिमीने मार्कर काढला आणि 'महाबचत'वर काट मारून ठळक लिहिलं: शंभर ग्रॅमला छप्पन्न. शेजारी बाण काढला. अठ्ठेचाळीसकडे.

"ॲप्रन काढ," साहेब म्हणाले. "आत्ताच्या आत्ता!"

तिने काढला, साहेबांच्या खांद्यावर टाकला आणि मार्कर घेऊन बिस्किटांकडे वळली. तिथे दर घासाला होता.

आत्याने तिच्याकडे पाठ फिरवली. पुढे जाऊन साखरेपाशी उभी राहिली आणि चिठ्ठीवर नुसतं बोट ठेवलं.