खेचराच्या पाठीवरची आग

मित्रांनो, नाक मुरडू नका. हा आंबट वास माझाच आहे. मी तागाचे जुने, जाडेभरडे कापड आहे. माझ्या अंगावर कितीदा आग पेटली याची मोजदाद नाही, तरी मी अजून शाबूत आहे.

शान्शी प्रांताच्या डोंगराळ मुलखात मी आधी राळ्याची पोती होते. गुरांचे वैद्य हाओ यांच्या बायकोने ती उसवून, एकावर एक ठेवून शिवली आणि माझा जन्म झाला. जनावराची कंबर गारठून आखडली की वैद्यबुवा मला कोमट शिरक्यात, म्हणजे आंबट व्हिनेगरात, बुचकळत, त्याच्या पाठीवर पसरत आणि वरून ज्वारीची कडक दारू शिंपडून काडी लावत. ज्वाळा वाढल्या की शिरका, मंदावल्या की दारू. पाठ शेकायची, भाजायची नाही. पहिल्या वेळी मी फार घाबरले. पुढे मात्र लोक कौतुक करू लागले आणि मीही फुशारले, खोटे कशाला सांगू?

एकदा ऐन पेरणीच्या तोंडावर फुशंग नावाच्या शेतकऱ्याचे खेचर अडून बसले. ओझे वाहून घामाघूम झालेल्या त्या मुक्या जिवाला गार वाऱ्यात बांधून हा गृहस्थ दारूच्या दुकानात शिरला होता. सकाळी खेचराची पाठ लाकडासारखी ताठ झाली, पाऊल उचलेना. खेचर गेले तर नांगर कोण ओढणार? बायकोने, छाईयुनने, वैद्यांना बोलावले. फुशंगने आशा सोडून दू खाटकाला निरोप धाडला. दोघे एकदमच दारात आले. एवढी एक आग होईपर्यंत थांबतो म्हणून दू दोर घेऊन उंबऱ्यावर बसला.

शिरका आणि दारू जनावराच्या मालकानेच द्यायची, अशी तिकडची रीत. वैद्यांनी मला पाठीवर पसरले, दारू शिंपडली, काडी लावली. काडी चुरचुरून विझली. दुसरीही विझली. वैद्यांनी बाटली हुंगली आणि फुशंगकडे पाहिले. फुशंग आपल्या जोड्यांकडे पाहत राहिला. सकाळीच दुःखाच्या भरात त्याने घरातली दारू पिऊन, बायकोला कळू नये म्हणून बाटलीत पाणी भरले होते.

"वैद्यबुवा, खेचर राहू द्या," छाईयुन म्हणाली. "कापड ह्यांच्या पाठीवर टाका. दारू सगळी आतच आहे, भडाभडा पेटतील."

दू तेवढा हसला. दुकान दरीपलीकडे होते आणि मी ओले कापड खेचराच्या पाठीवर गार होत चालले होते. बरे करायला आलेली मीच त्याला मारणार, या विचाराने मला रडू आले. तेवढ्यात दूने अंगरख्यातून स्वतःची बाटली काढली.

"ही घ्या. पाणी न घातलेली आहे."

"तुझंच गिऱ्हाईक जाईल रे," वैद्य म्हणाले.

"हे आडवं पडलं तर गाडीपर्यंत ओढून माझीच कंबर जायची. मग मला कोण शेकणार?"

आग धरली. पाठ भाजत नाही ना हे पाहायला वैद्यांचा एक हात सारखा माझ्याखाली होता. किती तरी वेळाने खेचराच्या कानांमागे घाम दिसला; ऊब आत पोचल्याची ती खूण. वैद्यांनी कोरड्या पोत्याने आग दाबली आणि वारा लागू देऊ नका म्हणून बजावले. फुशंगने अंगातला एकुलता एक कापूस भरलेला कोट काढून खेचरावर घातला आणि स्वतः कुडकुडत उभा राहिला. खेचराने मागचा एक पाय पुढे टाकला, मग दुसरा. दूने दोर गुंडाळला आणि रिकामी बाटली मागून घेतली.

आता गावात सुया टोचणारे नवे डॉक्टर आहेत. मीही झिजले, आग पेलण्याची ताकद राहिली नाही. काही वर्षे खुंटीवर धूळ खाल्ली, तेव्हा वाईट वाटले. मग फुशंग मला मागून घेऊन गेला. शेतातून आला की तो आधी मला घेऊन खेचराचे अंग खसाखसा पुसतो, मला त्याच्या पाठीवर घालतो आणि मगच स्वतःचे तोंड धुतो. छाईयुन चहा निवल्याची तक्रार करते, पण तो ऐकत नाही.

मित्रांनो, माझी आग विसरलात तरी चालेल. तुमच्यासाठी जो घाम गाळतो, त्याचा घाम आधी पुसा. तुमचा मागाहून.