जास्वंदीला दोरा

कलममास्तरांच्या मते जगात झाडं दोनच प्रकारची होती: फळ देणारी आणि फुकट पाणी पिणारी. दुसऱ्या प्रकारात ते काय काय कोंबत याला सुमार नव्हता, पण पहिला मान जास्वंदीचा. सकाळी उमलायचं, संध्याकाळी मिटून गळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नटूनथटून हजर, याला ते काम म्हणायला तयार नव्हते. काडी खोचली की जगते, जिला जगवायला अक्कल लागत नाही तिचं कौतुक कसलं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. ऐकवताना तोंड मात्र रोपवाटिकेच्या डाव्या बाजूला असे, कारण डावी बाजू त्यांच्या मुलीची होती आणि तिथे जास्वंदीच्या दोनेकशे कुंड्या होत्या.

उजवी बाजू मास्तरांची. पेरू, चिकू, लिंबू यांची कलमं काळ्या पिशव्यांतून ओळीने उभी, आणि त्या सगळ्यांच्या मागे, कुंपणाला लागून, त्यांच्या आजोबांनी लावलेला फणस. तो बघायला माणसं लांबून येत आणि खरं सांगायचं तर होताही तसाच. खोड दोघांच्या कवेत न मावणारं आणि त्याच्या अंगावर गुडघ्यापासून वरपर्यंत फळं लगडलेली. बाकीची झाडं फळ फांदीच्या टोकाला धरतात आणि जरा वारा सुटला की टाकून देतात. फणस आपलं ओझं थेट खोडावर घेतो, घरातल्या कर्त्या माणसासारखा. गरे जाड, कोरडे, केशरी झाक असलेले. पिकला फणस कापला की चार घरं पलीकडची माणसं काहीतरी निमित्त काढून यायची आणि मास्तर त्यांना निमित्त न विचारता पाट सरकवायचे.

या घराची एक रीत होती. ज्याने कलम बांधलं त्याने त्याच्या बुडाशी आपल्या रंगाचा सुती दोरा बांधायचा. कलम मेलं तर कोणाचा कान धरायचा ते कळतं आणि जगलं तर कोणाचं नाव घ्यायचं तेही. आजोबांचा दोरा पांढरा, वडिलांचा पिवळा, मास्तरांचा निळा. निळा दोरा दिसला की गिऱ्हाईक डोळे झाकून रोप उचलत असे. मुलीला रंग नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी तिने एकदा मागितला होता, तेव्हा मास्तर म्हणाले होते की दोरा फळझाडाला असतो, शोभेच्या झुडपाला नाही. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि मास्तर तर ते विसरूनही गेले.

आता मास्तरांची एक चूक सांगायला हवी. कलमं बांधणाऱ्यांच्या घराण्यातच होऊ शकेल अशी ती चूक होती. फणस बियांतून लावला तर आईसारखा निघेलच याची खात्री नसते. तसाच हवा तर त्याच झाडाची काडी घेऊन कलम बांधावं लागतं. हे मास्तरांएवढं कोणाला माहीत असणार? पण तीन पिढ्यांनी गावभरच्या झाडांची कलमं बांधली आणि आपल्या फणसाचं एकही बांधलं नाही. फणस खायला या, काडी मागू नका, असा आजोबांचा बाणा होता आणि नातवाने तो इमानाने चालवला. दुसऱ्याला द्यायचं नाही म्हणून बांधलं नाही आणि घरचं झाड तर समोर उभंच आहे म्हणून स्वतःसाठीही बांधलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या फणसाची पानं मागच्या वर्षी शेंड्याकडून पिवळी पडायला लागली. मास्तरांनी मुळं उकरली, औषधं ओतली. झाडांचा जाणकार म्हणून ज्याला बोलावलं त्याने खोडावर टकटक केलं, कान लावला आणि मुळं कुजलीत, यंदाचं वर्ष निघालं तर निघालं, असं सांगून चहा न घेता गेला. म्हणजे आता कलमं जगली तर फणस राहिला, नाहीतर चवीसकट संपला.

मास्तरांनी चाळीस कलमं बांधली. काम सांगायला सोपं आहे. फणसाच्या बियांपासून केलेलं रोप, त्याला खुंट म्हणतात, ते वरून छाटायचं आणि मधोमध चिरायचं. जुन्या झाडाची फुगलेल्या डोळ्यांची, म्हणजे फुटायला आलेल्या कोंबांची, वीतभर काडी घ्यायची, तिचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि पट्टीने आवळायची. पण फणसाला चीक असतो. काप घेतला की चीक पाझरतो, आणि तो सुकायच्या आत साल सालीला भिडली नाही तर काडी काळी पडते. हात चपळ हवा आणि काप आरशासारखा सपाट.

मास्तरांचा उजवा हात गेली दोन वर्षं थरथरत होता. चहाची कपबशी हातात वाजायला लागली तेव्हा त्यांनी बशी सोडून पेल्यातून चहा प्यायला सुरुवात केली होती. बायकोनेही काही न विचारता बश्या फडताळात वरच्या खणात ठेवून दिल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात चाळीसच्या चाळीस काड्या काळ्या पडल्या. मास्तरांनी खुंटाला दोष दिला, मातीला दिला, वाऱ्याला दिला, पट्टीच्या प्लॅस्टिकलाही सोडलं नाही. बायको तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हणाली की नाचता येईना अंगण वाकडं. मास्तर जेवले नाहीत.

पश्चिमेची एकच फांदी अजून हिरवी होती. तिच्यावर कामाच्या काड्या निघाल्या नऊ. मास्तरांनी त्यांची पानं खुडली, म्हणजे दहा दिवसांत डोळे फुगणार होते. त्या दहा दिवसांत ते घरात कोणाशी धड बोलले नाहीत. भीती वाटत होती त्यांना. नऊ काड्या, आणि हात हा असा.

नवव्या दिवशी सकाळी ते फणसाकडे निघाले ते डाव्या बाजूने. रोज तसेच जात. ही वाट जवळची आहे असं सांगत, आणि ती जवळची मुळीच नव्हती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी वाटेवरच्या एका कुंडीत फूल उमललं होतं, जेवणाच्या ताटलीएवढं. कडा तांबूस तपकिरी, आत हळदी पिवळा, आणि मध्यभागी असा जांभळा की मास्तरांना पाऊल उचलवेना. एका दिवसाचं आयुष्य, पण त्यात हात राखून काही ठेवलेलं नाही. फणस पाच महिने एक फळ भरत बसतो. ही पोर सगळी मिळकत एका सकाळी उधळून मोकळी होते आणि उद्या पुन्हा तेवढीच घेऊन उभी राहते. हेही सोपं नसणार, असं मास्तरांच्या मनात आलं आणि मग कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

वाकून बघताना नाकावरचा चष्मा घसरून कुंडीत पडला. तो उचलताना त्यांचं लक्ष बुडाकडे गेलं. मातीपासून चार बोटांवर खोडाचा रंग बदलत होता. खाली करडी, खरबरीत साल. वर हिरवी, नितळ. त्यांनी बोट फिरवलं. बोटाला सांधा लागला नाही. त्यांनी पुढची कुंडी पाहिली, तिच्या पुढची पाहिली. सगळ्या कलमी होत्या. आणि एकीचाही सांधा त्यांच्या बोटाला सापडत नव्हता.

मुलगी पत्र्याखाली टेबलाशी बसली होती. मास्तर कुंडीच उचलून तिच्यासमोर घेऊन गेले.

"ही तर काडीने जगते ना?"

"साधी लाल जगते," ती म्हणाली. "या मोठ्या फुलांच्या मुळांत दम नसतो, बाबा. यांना साध्या लालच्या खुंटावर बांधावं लागतं."

"कोणी बांधली?"

"कोण बांधणार? मीच."

"मग दोरा कुठाय?"

तिने चाकू पुसला. "दोरा फळझाडाला असतो. तुम्हीच म्हणाला होतात."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं, उलट बोलता तरी आलं असतं. त्यांनी कुंडी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि एक बांधून दाखव म्हणाले. तिने काडी घेतली. जास्वंदीचा रस बुळबुळीत, पाचर बोटांतून साबणासारखी निसटते. तिने ती दोन बोटांत अशी धरली की ती निसटेना, आणि चाकू दोनदाच फिरला. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. मास्तरांनी उभ्या आयुष्यात इतका सपाट काप स्वतःच्या हातून फार थोड्या वेळा उतरलेला पाहिला होता. पंधरा वर्षं हे त्यांच्या डाव्या हाताला, वीस पावलांवर चाललं होतं.

"माझा हात थरथरतो," ते म्हणाले. हे त्यांनी पहिल्यांदाच कोणापुढे उच्चारलं.

"माहीत आहे. आईलाही माहीत आहे."

"उद्या नऊ काड्या काढायच्यात. तू बांधशील?"

तिने चाकू खाली ठेवला. "आणि मेल्या तर?"

"माझ्या चाळीस मेल्यात. तुझ्या नऊंनी काय मोठं आकाश कोसळणार आहे?" मास्तर म्हणाले. पण आकाश कोसळणार होतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बापलेक कामाला बसले. मास्तरांनी तेलाचं फडकं घेतलं. ती काप घेई, ते चीक टिपत. ती पाचर बसवी, ते वरून पिशवीची टोपी चढवत. टिपायला आणि टोपी चढवायला थरथरता हातही पुरतो. पहिल्या काडीला दोघं एकमेकांच्या मध्ये मध्ये येत होते, चौथीपासून बोलावंही लागलं नाही. नववी झाल्यावर मुलीने सवयीने निळ्या दोऱ्याचं रीळ पुढे केलं. मास्तरांनी ते घेऊन खिशात टाकलं आणि जगल्यावर बघू म्हणाले. तिने मान हलवली. तिला काय वाटलं ते तिने दाखवलं नाही, पण त्या दिवशी जास्वंदीला पाणी घालताना तिने एकाच कुंडीत दोनदा पाणी घातलं.

तीन आठवडे मास्तर रोज सकाळी टोप्यांतून डोकावत राहिले. तेवढ्या दिवसांत हिरव्या फांदीनेही मान टाकली. आता झाडावर घ्यायला काहीच उरलं नव्हतं. बाविसाव्या दिवशी एका काडीवर तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसला. आठवडा संपला तेव्हा नऊपैकी सात फुटल्या होत्या. मास्तर जुन्या खोडाला पाठ टेकून खाली बसले आणि चक्क रडले. बायकोने खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लोटून घेतली.

मग ते घरात आले, बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सगळी रिळं टेबलावर ओतली आणि मुलीला हाक मारली. "तेव्हा कुठला रंग मागितला होतास?"

ती रिळांकडे बघत राहिली. "लाल."

"लाल इथे पाच आहेत. कुठला?"

"खुंटाचा," ती म्हणाली. "साध्या जास्वंदीचा. बाकीच्यांची फुलं लोक बघतात, उभं त्यांना तीच धरते."

मास्तरांनी पाचांतून तो लाल बरोबर ओळखला. रोजच्या वाटेवरचाच होता. फणसाच्या सातही कलमांना त्यांनी आपल्या हाताने लाल दोरा बांधला. ते झाल्यावर सगळ्यांना वाटलं की आता उठतील. त्यांनी स्टूल उचललं, डाव्या बाजूला नेऊन मांडलं आणि पहिली कुंडी मांडीशी ओढली.

दोरा बुडाभोवती फिरे, पण गाठ बसेना. टोक सुटे, पुन्हा धरावं लागे. मुलगी म्हणाली, "बाबा, मी बांधते, दोनशे आहेत."

"ज्याने कलम बांधलं त्याचा रंग," मास्तर म्हणाले. "दोरा कोणीही बांधावा. तू तुझं काम कर."

दुपारपर्यंत अकरा कुंड्या झाल्या. बायको चहा घेऊन आली, तो दोन वर्षांनी पहिल्यांदा कपबशीतून. मास्तरांनी बशीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कपबशी हातात घेतली. ती डाव्या बाजूच्या शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल अशी वाजत होती. त्यांनी सावकाश चहा संपवला, कपबशी जमिनीवर ठेवली आणि बारावी कुंडी पुढे ओढली.