खालचं बटण

“माणूस गुहेतून बाहेर आला तो उजेडाच्या जोरावर, आणि उजेड घरोघरी नेला तो आम्ही वायरमन लोकांनी!” असं वायरमननी जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून जाहीर केलं, आणि त्यांच्या हातातला स्क्रू पडला. तो शोधायला बायकोला बॅटरी धरावी लागली. कामासाठी मेन स्विच बंद होता आणि जिन्याला खिडकी नव्हती.

या जिन्याचा दिवा बावीस वर्षं नीट लागत नव्हता. खाली एक बटण, वर एक बटण. कुठूनही दाबावं, दिवा लागावा, अशी मूळ योजना. प्रत्यक्षात खालचं बटण एका ठरावीक बाजूला असेल तरच वरचं चालायचं. म्हणून वरून उतरणाऱ्याने आधी हाक मारायची, “अहो, खालचं बटण दाबा!” आणि मग पाय उचलायचा. शेकडो लोकांचे जिने उजळून वायरमन निवृत्त झाले. स्वतःच्या जिन्याला मात्र ‘येत्या रविवारी’ असं आश्वासन होतं. असे अकराशे रविवार उलटले.

गेल्या आठवड्यात हाकेला ओ आली नाही. वायरमन कोपऱ्यावर चहा पीत उजेडावर बोलत होते. बायको अंधारात उतरली आणि शेवटच्या दोन पायऱ्या तिला सापडल्याच नाहीत. गुडघा भोपळ्याएवढा सुजला.

आज मुलगी आली ती आईची बॅग भरायलाच.

“बाबा, चार वाजेपर्यंत दिवा लागला तर ठीक. नाहीतर आई माझ्याकडे. कायमची.”

“कायमची म्हणजे किती दिवस?”

“माझ्या घरी जिना नाही, एवढंच समजा. नाहीतर दुसरा कुणी वायरमन बोलावू?”

“माझ्या घरात? माझ्या छातीवर?” वायरमन कडाडले. मग बायकोकडे वळून हळूच म्हणाले, “तू काहीच बोलत नाहीस?”

“मी बॅटरी धरलीय ना,” बायको म्हणाली.

बोर्ड उघडला की आधीच्या वायरमनला शिव्या द्यायच्या, हा या धंद्यातला रिवाज. त्याशिवाय पुढचा स्क्रू ढिला होत नाही. वायरमननी सवयीने डोकं आत घातलं आणि गरजले, “कुठल्या गाढवाने केलंय हे?”

बायकोने बॅटरी सभ्यपणे भिंतीकडे वळवली.

“इकडे धर! सगळ्या वायरी काळ्या! एकीलाही खूण नाही!”

“लोकांकडची उरलेली वायर संपवली होतीत. मी म्हटलं होतं, चिकटपट्टी लावा. तर म्हणालात, ‘खुणा शिकाऊ लोकांना लागतात.’”

“मी?”

“तिथंच उभे राहून.”

तीन स्क्रू, तीन वायरी. मधल्या स्क्रूखाली चुकीची वायर बसली होती, एवढाच बावीस वर्षांचा घोटाळा. बरोबर कोणती, ते उरलेल्या दोघींनाच ठाऊक. वायरमननी एक सोडवली. पूर्वी ते वायर दातांनी सोलत. आता वायर होती, दात नव्हते. चाकू घसरला, बोट कापलं, चष्मा नाकावरून उतरला.

“मेन!” ते ओरडले.

मुलीने मेन चालू केला. दिवा लागला, पण पूर्वीचीच अट घालून.

“बंद कर!”

“पावणेचार झालेत, बाबा.”

“घड्याळ बघायला शिकवलं, ही चूकच झाली माझी!”

त्यांनी शेवटची वायर मधल्या स्क्रूखाली सारली आणि आवळली. मेन चालू झाला. खालून दाबलं, लागला. वरून दाबलं, विझला. मुलीने खाली-वर करत सात वेळा तपासलं, जणू बाप परीक्षेला बसला होता. मग बॅग वर नेऊन ठेवली आणि चपला घातल्या.

“एवढंच होतं?” बायकोने विचारलं.

वायरमन बोर्डाचे स्क्रू आवळू लागले.

संध्याकाळी बायको कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत वर गेली. कपडे कपाटात परत लावल्याचा आवाज आला. वायरमन बोटाला चिंधी गुंडाळून खाली खुर्चीत बसले. दोन्हीकडून चालणाऱ्या दिव्याबद्दल एक भव्य वाक्य त्यांच्या ओठावर आलंच होतं, तेवढ्यात वरून, नव्याकोऱ्या चालत्या बटणाशेजारून हाक आली:

“अहो, खालचं बटण दाबता का जरा?”