तिसऱ्या खोलीतलं पंक

वालचंदनगरहून इंदापूरकडे जाताना इब्राहिमचाचांचं केळी पिकवायचं गोदाम लागतं. तीन खोल्या, जाड थर्माकोलच्या भिंती, पण गार हवेचं मशीन तिन्हींना मिळून एकच. लॉकडाऊननंतर धंदा उतरला आणि तिसरी खोली रिकामी पडली. चाचांची पुतणी शबीना हिनं ती मागून घेतली. आवाज बाहेर जात नाही, एवढंच तिला हवं होतं.

चाचांनी बजावलं, "मशीन चालूच राहणार. माझी केळी मऊ पडली, की तुमची खोली गेली."

तेव्हापासून रविवारी दुपारी तिथं पंक रॉक वाजतं. गारठ्यामुळं या मंडळींचा गणवेश स्वेटर. भर मे महिन्यात मोटरसायकलवर स्वेटर घातलेली पोरं दिसली, की भवानीनगरचा चहावालाही ओळखतो, आज कार्यक्रम आहे. शबीनाच्या बँडचं नाव 'मळी'. साखर कारखान्यातल्या मळीच्या वासात वाढलेल्यांना कारण सांगावं लागत नाही.

यंदा कोल्हापूरचा एक बँड पहिल्यांदाच आला, कपाटाएवढे ॲम्प्लिफायर घेऊन. खोली गच्च भरली. 'मळी'नं सुरुवात केली आणि लाईट गेली. बटण वर केलं, पुन्हा पडलं. मशीन आणि ॲम्प्लिफायर, दोन्हींचा भार झेपेना. थोड्या वेळानं मात्र लाईट आली ती टिकली. गिटार कडाडली, बँडमधल्या माधवीचा ड्रम छातीत वाजू लागला, सगळी खोली उड्या मारू लागली.

मग शबीनाला पुढची पोरं स्वेटर काढताना दिसली. तिनं गाणं मध्येच तोडलं.

"दिग्या, मशीन बंद केलंस?"

"दोनच गाणी, शबे. पाव्हण्यांपुढं इज्जत जाईल," गिटारवाला दिग्विजय म्हणाला.

"शेजारी दोन खोल्या केळी हाय. ही खोली गेल्यावर इज्जत कुठं वाजवशील?"

"मग काय, भजन करू?"

"त्याला पेटी लागती. तुला येती का?"

तिनं ॲम्प्लिफायरची पिन उपसली आणि मशीन सुरू केलं. घरघर भरून राहिली. पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. माधवीनं ड्रमवर ठोका धरला. शबीना माईकशिवाय कारखान्याच्या भोंग्यावरच्या गाण्याची ओळ ओरडली, "भोंगा वाजला."

"उठायचं न्हाय," खोली गरजली.

पुन्हा भोंगा, पुन्हा उत्तर. मशीन ऐकू येईनासं झालं. कोल्हापूरकर केळीचे रिकामे क्रेट बडवू लागले. दिग्विजयनं गिटार खाली ठेवली आणि गर्दीत शिरला.

तेवढ्यात दार उघडलं. चाचा केळीच्या खोल्यांच्या तापमानाचा काटा बघायला आले होते.

"काटा वर का गेलाय?"

"मशीन आमी बंद केलतं, चाचा," शबीना म्हणाली. "परत लावलंय."

चाचा शेजारच्या खोलीत गेले. ते हातात एक केळं दाबत परतले.

"घट्ट हाय. पुढच्या खेपंला जनरेटर आणा," ते म्हणाले. "आता सरका की आत. दार लावायचंय, गारवा जातोय."

सगळे सरकले. चाचांनी दार आतून ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. माधवीनं काठ्या उचलल्या.