रक्तात न दिसलेल्या गोळ्या

“हे बाहेर कुणाला सांगू नकोस,” लीलाबाई म्हणाल्या आणि तान्हीच्या कपाळावरची पट्टी उचलून त्यांनी वाटीतल्या गार पाण्यात बुडवली. “मुलीची जात आहे.”

अनसूयेनं पोरीची पावलं दोन्ही हातांत धरून ठेवली होती. झटका येऊन गेला होता. डोळे ठिकाणावर आले होते, आवळलेली मूठ सैल पडली होती.

“तापातला झटका आहे तो, लीलाबाई. वय वाढलं की जातो. डॉक्टरांनीच सांगितलं.”

“डॉक्टर सांगतात गं. पण अंतरपाट धरायला डॉक्टर येत नाहीत.”

अनसूया हसली. बी.एस्सी. झालेल्या बाईनं असल्या गोष्टी काय मनावर घ्यायच्या. एवढ्या लांबचा अंतरपाट तिला दिसतही नव्हता. दिसत होता तो पोरीचा श्वास. त्या दिवसापासून झोपताना ती एक हात पोरीच्या छातीवर ठेवू लागली. तिचा नवरा मधुकर सांगलीच्या कॉलेजात शिकवायचा, शनिवारच्या एस.टी.नं यायचा, रविवारी परत जायचा. बाकीचे दिवस साताऱ्यातल्या त्या भाड्याच्या खोलीत दोघीच. दिवसा पोरीला घरमालकीण लीलाबाईच सांभाळायच्या.

अनसूयेची नोकरी इस्पितळातल्या कागदपत्रांच्या खोलीत होती. रोग्यांचे कागद तिच्या टेबलावर यायचे आणि प्रत्येक आजाराला एका जाड इंग्रजी पुस्तकातला क्रमांक लावायचा. क्षयाला एक, हिवतापाला एक, विंचू चावला तर त्यालाही एक. एकोणऐंशी साली नवं पुस्तक आलं, तेव्हा त्यातली एक ओळ तिनं दोनदा वाचली. रक्तात औषधाचं प्रमाण असायला हवं तसं न आढळणं. तो आजार नव्हता. नुसतं आढळणं होतं. का आढळलं नाही, याच्याशी पुस्तकाला कर्तव्य नव्हतं.

ती ओळ पहिल्यांदा वापरावी लागली ती हरणाबाईच्या कागदावर. हरणाबाई कोरेगावच्या पुढच्या एका खेड्यातली. फिटच्या पांढऱ्या गोळ्या न्यायला ती दर महिन्याला यायची. तरुण डॉक्टर आगाशे हल्ली फिटच्या रोग्यांचं रक्त पुण्याला तपासायला पाठवत. हरणाबाईच्या रक्तात औषधाचा मागमूस नव्हता.

“लावा तुमचा नवा क्रमांक,” डॉक्टर कागद टेबलावर ठेवत म्हणाले. “फुकट गोळ्या नेतात आणि उकिरड्यावर टाकतात. आजपासून बंद.”

“एकदम बंद केल्या तर झटके वाढतात ना?” अनसूयेनं विचारलं. झटक्यांबद्दल हाताला लागेल ते ती वाचत होती.

“घेणाऱ्याचे वाढतात. जिच्या रक्तात कणभर नाही, तिचं काय वाढणार?”

अनसूयेनं क्रमांक लावला.

दुपारी औषधाच्या खिडकीपाशी हरणाबाई उभी दिसली. आतून कंपाउंडर म्हणत होता, “मावशी, सरकारी गोळ्या काय कोंबड्यांना घालता व्हय?” रांगेतली माणसं हसली. हरणाबाईही हसली, आणि बाजूला होऊन पायरीवर बसली. रिकामी पिशवी तिनं मांडीवर पसरली.

अनसूया बाहेर गेली, तिच्या शेजारी टेकली.

“हरणाबाई, गोळ्या घेत नव्हता ना?”

“घेती की. रोज.”

“रक्तात दिसलं नाही.”

“रक्तात दिसतंय व्हय समदं?” हरणाबाईनं स्वतःच्या दंडाकडं पाहिलं, सुई टोचली होती तिथं. “मग आता काय लपतंय. आवं ताई, मला जल्मात कवा फिट आली न्हाई.”

फिट यायची ती तिच्या नणंदेला. आली की घरची माणसं दार लावून घेत. एकदा ती चुलीपाशी पडली, डावं मनगट भाजलं. मग हरणाबाई साताऱ्याला आली आणि डोळे कसे फिरतात, दातखीळ कशी बसते, सगळं स्वतःचं म्हणून सांगितलं. पाहून पाहून पाठ होतं.

“तिच्याच नावानं का नाही आणल्यात?”

“हितं आमच्याकडचं कोण ना कोण बसल्यालं असतंयच. बिनलग्नाच्या पोरीचं नाव पुकारलं, तर सांजच्याला वेशीत पोचलं असतं. माजं काय? दोन ल्योक हाईत. मला आता कोण माघारी धाडतंय?”

माघात लग्न झालं. नणंद भिलवडीकडं, कृष्णेच्या काठाला नांदायला गेली. महिन्याच्या गोळ्या शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात, तळाशी पुडीत बांधून जात होत्या.

“गोळ्या लागल्यापास्नं एकदा बी पडली न्हाई,” हरणाबाई म्हणाली. “लय हसती आता. आदी हसाय बी भ्यायची.”

“आपण आगाशे डॉक्टरांना सांगू. माणूस चांगला आहे. तिच्या नावानं चिठ्ठी देतील.”

“नाव निघालं की कागुद आला. तुमी दवाखान्यातली माणसं लिवल्याबिगर पाणी तरी पेता का?” हरणाबाई थांबली. “तुमास्नी लेकरू हाय?”

“मुलगी आहे.”

“मग तिची आन हाय तुमास्नी.”

अनसूयेचा हात उचलला गेला, रात्री पोरीच्या छातीवर जातो तसा, आणि पदरापाशीच थांबला. हरणाबाईनं रिकाम्या पिशवीची घडी घातली, काखेत धरली आणि स्टँडची वाट धरली. त्यानंतर ती इस्पितळात आली नाही. बाजारात त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नव्हत्या.

अनसूया डॉक्टरांच्या दारापर्यंत जायची. आत कुणी रोगी असला तर तिला बरं वाटायचं. परत फिरायला निमित्त मिळायचं.

रविवारी मधुकर निघताना तिनं त्याच्या हातात डबा दिला आणि तो सोडला नाही.

“अहो, सांगलीहून भिलवडी काही लांब नाही. एकदा जाऊन याल?” कुणाकडं, ते तिनं सांगितलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

“ओळख ना पाळख. परका पुरुष मी, कुणाच्या नव्या सुनेची चौकशी करत जाऊ? तिलाच त्रास व्हायचा.” त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. “तुला झोप लागत नाही का इथं?”

“लागते,” ती म्हणाली, आणि डबा सोडला.

पुढच्या आठवड्यात मधुकरची आत्या वाईहून आली. पोरीला मांडीवर घेऊन तिनं उजेडाकडं वळवलं.

“डोळे फार ताणून बघते गं ही. फिटबिट काही येत नाही ना?”

“छे,” अनसूया म्हणाली.

उंबऱ्यात लीलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला. मग परत फिरू लागला. त्या दिवशी त्या अनसूयेशी नेहमीपेक्षा मऊ बोलल्या आणि तेच तिला सोसलं नाही.

पोर आता रांगते. पुन्हा झटका आलेला नाही. रात्री अनसूयेचा एक हात तिच्या छातीवर असतो. दुसरा अंथरुणावर रिकामा पडलेला असतो. चटणीच्या डब्याच्या तळाशी आता काय जात असेल, याचा ती विचार करते. नुसती चटणी.

तुमच्यापैकी कुणाचं भिलवडीकडं जाणं-येणं असेल, तर एवढं करा. नव्यानं नांदायला आलेली एक हसरी सून तुम्हाला नदीवर दिसेल. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. तिला गोळ्यांचं विचारू नका. माहेरचं गावही विचारू नका. धुणं घेऊन ती एकटीच येते का, तेवढं बघा. एकटी येत असली, तर घरी सासूला नाहीतर जावेला सांगून या, पोरीबरोबर कुणीतरी जात चला. का म्हणून विचारतील. काठ निसरडा झालाय, म्हणा.