चार बोटांचा जोड

टाकेमास्तरांनी उभं आयुष्य गाड्यांना कपडे घालण्यात घालवलं. सीट, गालिचे, दारांची आतली कापडं, छताची अस्तरं. गाडीत बसलेल्या माणसाची जिथे पाठ टेकते, कोपर विसावतं किंवा डोकं आपटतं, तिथे तिथे मास्तरांची सुई फिरलेली असायची. दुकानाच्या पाटीवर नुसतंच 'टाके' लिहिलं होतं, मास्तर हे लोकांनी आपणहून जोडलं. आणि अशा माणसाच्या सख्ख्या भाच्याने, तेही शेजारच्याच गॅरेजात, एक देखणी जुनी गाडी नागडी करायला घ्यावी! मास्तरांच्या जिवाला किती यातना होत असतील, तुम्हीच विचार करा.

"नागडी नाही मामा, हलकी," भाचा म्हणायचा.

गाडी होती जुन्या काळची स्पोर्ट्स कार. दोन दारं, लांबलचक नाक, बुटकी इतकी की आत बसायचं म्हणजे आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागे. भाच्याला ती चढणीच्या शर्यतीत पळवायची होती. वाढीव किलो म्हणजे चढावर वाढीव सेकंद, हे त्याने डोक्यात पक्कं बसवलं होतं. म्हणून रेडिओ गेला, हीटर गेला, मागचं बाकडं गेलं, गालिचे गेले, बंपर गेले. काढलेली छोटी वस्तू तो मामीच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा आणि आकडा खडूने भिंतीवर लिहायचा. राखदाणी, एकशे ऐंशी ग्रॅम. घड्याळ, दोनशे दहा. सूर्य अडवायच्या झडपा, दोन मिळून तीनशे चाळीस.

"माझा काटा आधी परत कर," मामी मधल्या दारातून ओरडायची. "काल पीठ मोजलं तर त्याला ग्रीसचा वास. आणि इतके ग्रॅम मोजतोस, तर स्वतःचं पोट कधी ठेवणार काट्यावर?"

"पोट शर्यतीच्या आदल्या दिवशी काढणार आहे, मामी."

यावर मास्तरही हसायचे. पण आतून त्यांना धडकी भरली होती, कारण आता गाडीत काढण्यासारखं एकच उरलं होतं. छताचं अस्तर.

हे अस्तर साधंसुधं नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी दातांच्या एका डॉक्टरांनी ही गाडी मास्तरांकडे आणली, तेव्हा मास्तरांचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. साईच्या रंगाचं कापड डॉक्टरांनी परदेशातून मागवलेलं, मोजून मापून एका छतापुरतं. त्या कापडातून मास्तरांनी जे छत केलं, त्यावर त्यांचं नाव झालं. "पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत एकच तुकडा," ते सांगायचे. "एकही जोड नाही. शोधून दाखवा, चहा माझ्याकडून." गिऱ्हाइकांना सांगितलं, विजेचं मीटर बघायला आलेल्याला सांगितलं, पत्ता विचारायला थांबलेल्या परक्या माणसालाही सांगितलं. भाच्याने तर ही गोष्ट इतक्या लहानपणापासून ऐकली होती की पुढे डॉक्टरांच्या मुलीने गाडी विकायला काढली, तेव्हा तो पहिल्याच दिवशी तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

मास्तरांनी गोष्ट सुरू केली की त्यांची बायको उठायची. "चहाचं पाणी ठेवते," म्हणून आत जायची आणि गोष्ट संपल्यावरच बाहेर यायची. बिचारी ऐकून ऐकून कंटाळली असेल, असं मास्तर समजत आणि मनातल्या मनात तिला माफ करून टाकत.

आता खरं सांगायची वेळ आली आहे. जोड होता.

त्या दिवसांत मास्तरांचा टेप झिजून सुरुवातीची चार बोटं तुटला होता. नवा घ्यायचा सोडून मास्तर त्याच्याशी जुळवून घेत होते, मोजताना तेवढं मनात धरायचे. पण डॉक्टरांच्या गाडीचं माप घ्यायला जाताना तो सापडेना, म्हणून बायकोचा कोरा करकरीत टेप नेला. गाडी मोजली कोऱ्या टेपने. दुकानात येऊन कापड कापलं तुटक्या टेपने, कारण तोवर तो सापडला होता. चार बोटं मनात धरायची राहून गेली आणि कापड चार बोटं कमी पडलं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुसरं कापड मिळण्यातलं नव्हतं आणि गाडी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मग त्यांनी कडेच्या कातरणातून चार बोटांची पट्टी काढली आणि मागच्या टोकाला जोडली. शिलाई मशीनवर बायको बसली होती, शाळेच्या शर्टांचा ढीग घेऊन. तिला कळू नये म्हणून हाताने, कोपऱ्यात पाठ करून, घाईघाईने जोडली. टाके असे पडले की कुणी शत्रूलाही घालू नयेत. दुसऱ्या दिवशी अस्तर बसवताना त्या टोकाकडे बघायची त्यांना लाज वाटली. मान फिरवून त्यांनी जोड मागच्या काचेवरच्या पट्टीखाली ढकलला आणि वरून खिळे ठोकून टाकले. डॉक्टर आत बसले, वर बघितलं आणि म्हणाले, "वा! एकच तुकडा?"

मास्तर "हो" म्हणून गेले. त्या एका "हो"वर एकतीस वर्षं निघाली.

"मामा," एका सकाळी भाचा म्हणाला, "छत मी नाही उचकटणार. तुझं काम आहे ते, तूच काढ. मी शेजारी उभा राहून बघेन. आणि मग ते मी अख्खं, जसंच्या तसं, चौकटीत ताणून त्या समोरच्या भिंतीवर लावणार आहे. खाली लिहिणार, एकच तुकडा."

मास्तरांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. "भिंतीवर कशाला? भिंतीला काय थंडी वाजतेय?"

"रविवारी सगळ्यांना बोलावलंय. गाडी बघतील आणि छतही बघतील. तुला कल्पना नाही मामा, त्या छतामुळे मी या धंद्यात आलो."

हे ऐकून मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याने भीती दुप्पट झाली. शेजारच्या दुकानदाराने हसलेलं त्यांनी गिळलं असतं. या पोराच्या नजरेतून उतरणं त्यांना झेपणार नव्हतं.

तेव्हा मास्तरांनी डोकं चालवलं. "घडी घातली तर कापडाला मोड पडेल. जाड पुठ्ठ्याची नळी लागेल, गालिचे गुंडाळतात तसली. बाजाराच्या पार टोकाला मिळेल. तू आणून ठेव, मी तोवर काचेचं रबर सोडवतो."

भाचा मोटारसायकलवर बसला आणि त्याचा आवाज कोपऱ्यावर विरायच्या आत मास्तर कात्री खिशात घालून गाडीत शिरले होते. बेत सोपा होता. जोडापाशी कापायचं, पट्टी खिशात घालायची. छत चार बोटं आखूड भरलं तर भिंत काही तक्रार करणार नव्हती.

आत गालिचा नाही, बाकडं नाही, नुसता उघडा पत्रा. मास्तर त्यावर पाठ टेकून आडवे झाले आणि पाठीला लागलेल्या प्रत्येक नटबोल्टाबद्दल त्यांनी भाच्याला एकेक शिवी घातली. मग मागच्या काचेचं रबर सोडवलं, काचेवरची पट्टी काढली, एकेक खिळा उपटला. कापडाचं टोक सुटून चेहऱ्यावर आलं. मास्तरांनी आधी डोळे मिटून घेतले. मग एक उघडला.

त्यांचे टाके तिथे नव्हते.

जोड होता, तिथेच होता. पण बारीक, सरळ, मशीनवर घातलेल्या शिलाईचा. कुठे सुरकुती नाही, ताण नाही. दोन्ही टोकांना शिलाई तीन टाके मागे घेऊन पक्की केलेली. आणि दोरा होता निळा, फिकट निळा, शाळेच्या शर्टांचा.

मास्तरांनी दुसराही डोळा उघडला. तीन टाके मागे घ्यायची सवय या जगात एकाच बाईला होती. ती आत्ता भिंतीपलीकडे मटार सोलत बसली होती.

किती वेळ ते पत्र्यावर तसेच पडून राहिले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मग उरलेलं अस्तरही सोडवून, ते हातावर घेऊन, केसांत गंज, अशा अवतारात ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"हे काय आहे?"

बायकोने बघितलं आणि मटार सोलणं चालूच ठेवलं. "सापडलं का शेवटी?"

"कधी केलंस?"

"तुम्ही गोंद आणायला गेला होतात ना, तेव्हा. तुमचे टाके बघितले आणि म्हटलं, हे महिनाभरात उसवणार आणि डॉक्टरांच्या डोक्यावर छत पडणार. सगळं उसवून परत घातलं. साईच्या रंगाचा दोरा संपला होता, मशीनला निळाच होता. गुंडाळी होती तशी करून ठेवली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. पण गाडी देऊन आलात आणि आल्या आल्या पहिल्यांदा ती गोष्ट सांगितलीत. इतकी छान सांगितलीत की मला मधे तोंड घालवेना. दुसऱ्या दिवशी अजून छान सांगितलीत. मग राहूनच गेलं."

मास्तरांनी निळ्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "गोष्ट सुरू झाली की तू पाणी ठेवायला आत जायचीस."

"हो."

"आत काय करायचीस?"

"पाणी ठेवायचे."

"आणि?"

"आणि हसायचे," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांसमोर तुमच्या तोंडावर हसले असते तर बरं दिसलं असतं का?"

मास्तरांना लाज वाटली, भयंकर लाज वाटली. पण त्या लाजेबरोबरच दुसरंही काही उफाळून आलं आणि त्यांना तिथेच खाली बसावं लागलं. एकतीस वर्षं डॉक्टरांच्या डोक्यावर जे छत टिकलं, ते हिच्या शिलाईने टिकलं होतं, आणि हिने एका शब्दाने वाटा मागितला नव्हता. बसलेच आहेत तर तिने त्यांच्यापुढे थोडे मटार सरकवले. त्यांनी सोलले.

भाचा नळी घेऊन आला तेव्हा मास्तर दुकानात मशीनवर बसले होते. छत टेबलावर पसरलेलं होतं, जोड काढून टाकलेलं. "मागचं टोक जरा जीर्ण होतं, कापलं," ते म्हणाले. ते अर्धंच खरं होतं आणि त्यांना ते टोचलं. "तुझ्या दारांना आतून कड्या नकोत ना? त्याऐवजी ओढायला कापडी पट्टे लागतील. ते मी करतोय."

पट्टे दोन झाले, दोन दारांना दोन. साईच्या रंगाचे, आत खाटेची मजबूत नवार भरलेली, आणि प्रत्येकाच्या मधोमध, टोकापासून टोकापर्यंत, एक सरळ फिकट निळी रेघ. भाच्याने ते काट्यावर ठेवले. "दोन मिळून छत्तीस ग्रॅम! आणि मामा, ही रेघ! अगदी शर्यतीच्या गाडीवर असते तशी! कशी सुचली?"

"रविवारी सांगतो," मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी गॅरेज भरलं. शेजारी आले, भाच्याचे मेकॅनिक मित्र आले, डॉक्टरांची मुलगीही आली. मधोमध गाडी, आतून उघडा पत्रा, एक पातळ सीट, आणि दारांवर ते दोन पट्टे. भिंतीवर चौकटीत ताणलेलं छत. लोक नाक लावून बघत होते आणि जोड शोधत होते. शोधून सापडणारच नव्हता. गंमत बघा, जी बढाई एकतीस वर्षं खोटी होती, ती आज पहिल्यांदा खरी झाली होती. मास्तरांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर मरेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता, उलट पुरावा भिंतीवर होता. मोह झाला नाही असं कोण म्हणेल? चांगलाच झाला.

"मामा, सांग ना ती गोष्ट," भाचा म्हणाला. "यांनी अजून तुझ्या तोंडून ऐकलेली नाही."

मास्तर उभे राहिले, घसा साफ केला. मागच्या खुर्चीवरून बायको सवयीने उठली.

"पाणी ठेवते चहाचं."

"बस गं तू," मास्तर म्हणाले.

ती थबकली. एकतीस वर्षांत हे त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग गाडीच्या दारावरच्या निळ्या रेघेकडे बघितलं, आणि पदर सावरून हळूच खाली बसली.

मास्तरांनी दाराजवळ जाऊन पट्टा हातात धरला, भाच्याकडे न बघता. बघितलं असतं तर धीर झाला नसता.

"तर काय झालं," ते म्हणाले, "माझा टेप चार बोटं तुटका होता."