जावयाचं स्वमत

कडकबाईंची तक्रार एकच होती, आणि लॉन्ड्रीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकावीच लागे. तक्रार जावयाबद्दल होती. जावई दारू पीत नव्हता, लेकीवर आवाज चढवत नव्हता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तसल्या तक्रारी चारचौघी सासवांच्या असतात. कडकबाईंची तक्रार अशी, की हा माणूस ‘हो’ म्हणतो.

“सगळ्याला हो!” शर्टाच्या पाठीवरून इस्त्री सर्रकन फिरवत त्या म्हणत. “चहात साखर जास्त झाली का? हो. कमी झाली का? हो. अहो, दोन्हीतलं एक काहीतरी झालं असेल ना! काल मुद्दाम विचारलं, जावईबापू, आज मंगळवार ना? तर हो. बुधवार होता!”

गिऱ्हाईक हसे. जावईही हसे, कारण तो तिथंच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला असे.

कडकबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं. अर्धं त्यांच्या इस्त्रीवरून, अर्धं जिभेवरून. पाठीमागे आपल्याला काय म्हणतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्या शाळेत फार टिकल्या नव्हत्या. वाचायच्या त्या अक्षर अक्षर जुळवत, पण माणूस मात्र एका नजरेत वाचत, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं. लेक एकुलती एक. लॉन्ड्रीच्या मागच्या दोन खोल्यांत सगळा संसार, आणि जावईही तिथंच राहायला आलेला.

जावई मोठ्या इस्पितळात लिफ्टमन होता. जाळीचं दार ओढायचं, “कितवा?” विचारायचं आणि लोक म्हणतील त्या मजल्यावर न्यायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मजल्यांवर जाऊन जाऊन याची जीभच मध्ये कुठंतरी अडकलीय, असं कडकबाईंचं निदान.

त्यात आता ती जाळीची लिफ्ट निघणार होती. तिच्या जागी नवी येणार होती, कळ दाबली की आपोआप चालणारी, वर बाईच्या आवाजात मजलाही सांगणारी.

“म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त बोलते,” कडकबाई म्हणाल्या.

“हो,” जावई म्हणाला.

इस्पितळाच्या साहेबांनी एक वाट ठेवली होती. शाळेची शेवटची परीक्षा पास झालास, तर चौकशीच्या खिडकीत बसवतो. नाही झालास, तर लिफ्टबरोबर तुझंही काम संपलं. लहानपणी राहून गेलेली ती परीक्षा जावयानं बाहेरून द्यायला घेतली होती. गणित सुटलं, इतिहास सुटला. अडला होता फक्त साहित्याचा पेपर, म्हणजे एक कवितांचं पुस्तक. त्यात तो दोनदा आपटला होता. पुढच्या वर्षी ते पुस्तकही बदलणार होतं. या खेपेला नाही तर सगळंच पहिल्यापासून.

मागच्या खेपेची कथा तर त्यानं स्वतःच भोळेपणानं घरी सांगितली होती. गाइडमधली उत्तरं त्यानं ओळीनं पाठ केली होती आणि पेपरात कवितांचा क्रम उलटा आला. झाडाच्या कवितेचं उत्तर सैनिकाच्या कवितेखाली गेलं. “या सैनिकाला लहानपणापासून वेळेवर पाणी घातले असते, तर आज त्याच्या सावलीत अनेक वाटसरू विसावले असते.”

कडकबाई तेव्हा इतक्या हसल्या, की त्यांना इस्त्री उभी करून ठेवावी लागली. पण जावई बाहेर गेल्यावर लेक हळूच म्हणाली, “आई, हसू नकोस गं. लिफ्ट गेली तर काय करणार हे? विचारते, तर ‘हो’ म्हणतात.”

तिचा आवाज ऐकून कडकबाईंचं हसू जागच्या जागी विरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जावयाला फर्मान काढलं, “आतल्या खोलीत पुटपुटणं बंद. इथं बसायचं, माझ्यासमोर, आणि मोठ्यानं वाचायचं. तुमची पाळी दुपारची. सकाळ माझी.”

जावई वाचू लागला. कविता झाली. कविता बरी होती; कडकबाईंना अर्धी कळली, उरलेली त्यांनी मनानं भरून काढली. मग त्यानं गाइड उघडलं आणि एका सुरात सुरू केलं, “स्वमत. माझ्या मते या कवितेतील दार हे आशेचे प्रतीक आहे. माझ्या मते...”

“थांबा. स्वमत म्हणजे?”

“स्वतःचं मत, आई.”

“कुणाच्या स्वतःचं?”

“माझ्या.”

“मग ते छापून कसं आलं?” इस्त्री हवेतच राहिली. “तुम्हाला विचारायला कुणी आलं होतं का? मला कसं कळलं नाही?”

“नाही, ते... सगळ्यांना हेच पाठ करावं लागतं.”

“म्हणजे गावभरचे लोक एकच मत पाठ करून जातात आणि वर लिहितात, माझ्या मते!” कडकबाईंनी लेकीकडे वळून कपाळावर हात मारला. “ऐकलंस? आजवर मला वाटायचं, याला मत नाही. याला आहे, पण उसनं!” मग जावयाकडे वळल्या. “आणि तुम्ही चौकशीच्या खिडकीत बसणार? डॉक्टर आले का? हो. नाही आले का? हो. वॉर्ड डावीकडे का? हो. उजवीकडे? हो. माणूस बरा व्हायला येईल आणि जिन्यातच जाईल!”

कपडे ठेवायच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. कडकबाईंनी गाइड घेतलं, दुमडलं आणि त्या पायाखाली सरकवलं. टेबल इतक्या वर्षांत पहिल्यांदा डुगडुगायचं थांबलं.

“आता वाचा ती दाराची. आणि मी विचारेन त्याला उत्तर द्या. स्वतःचं.”

कविता एका आईची होती. मुलगा घर सोडून गेलाय आणि ती दार लावतच नाही. जावयानं पुन्हा वाचली:

“दार उघडंच आहे. वारा येतो, धूळ येते,
शेजारणीची मांजर येते.
तूच तेवढा येत नाहीस.”

“वेडी आहे,” कडकबाईंनी निकाल दिला. “रात्रभर दार सताड उघडं? चोराला आमंत्रण! मांजर येते म्हणजे दूधही झाकत नसणार. तुमचं काय मत?”

“हो. म्हणजे, तुमचं बरोबर आहे.”

“माझं मला ठाऊक आहे. तुमचं विचारतेय.”

“तेच, आई.”

असे बरेच दिवस गेले. कडकबाई रोज त्या बाईवर नवा आरोप ठेवत. आळशी म्हणाल्या, दिखाऊ म्हणाल्या, गल्लीला आपलं रडगाणं दाखवायला दार उघडं टाकते म्हणाल्या. शर्ट टाकायला आलेली गिऱ्हाइकंही दोन शब्द बोलून जाऊ लागली. जावई मान डोलवी. पण त्याच्या ‘हो’ला हळूहळू वेळ लागू लागला होता. आधी तो पाठोपाठ येई. आता मध्ये एक घोट गिळून येई. कडकबाईंनी ते टिपलं आणि आच आणखी वाढवली.

एका सकाळी त्या एका वकिलाचा पांढरा शर्ट करत होत्या. लेक शेजारी कपड्यांवर पाणी शिंपडत होती.

“मी सांगते, तिला मुलाचं काही पडलेलंच नाही,” कडकबाई म्हणाल्या. “पडलं असतं तर उठून शोधायला गेली असती. दार उघडं ठेवायला काय लागतं? काही न करता चांगलं म्हणवून घ्यायचं. होय ना, जावईबापू?”

जावयानं पुस्तक मिटलं.

“नाही, आई.”

लेकीचा हात भांड्यातच राहिला.

“काय म्हणालात?”

“नाही म्हणालो.” त्याचा आवाज कापत होता, पण तो थांबला नाही. “तो येणार नाही हे तिला कळलंय. आशा वगैरे काही नाही, ते गाइडवाल्याचं. पण दार आपोआप लागत नाही, आई. कुणीतरी लावावं लागतं. मी दिवसभर तेच करतो. आतले ओरडतात, चला, लावा, उशीर होतोय. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी धावत येत असतं, हातात औषधाची पिशवी घेऊन. दार लागताना त्याचा चेहरा आतल्या कुणाला दिसत नाही. मला दिसतो, कारण लावणारा मी असतो. त्या बाईला तो चेहरा बघायचा नाहीये. मुलगा गेला तो गेला, पण दार मी लावलं असं तिला व्हायला नकोय. म्हणून उघडं आहे. तुम्ही तिला उगाच बोलता.”

कडकबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग वास आला.

इतक्या वर्षांत कडकबाईंच्या हातून एक कपडा जळला नव्हता. वकिलाच्या शर्टाच्या पाठीवर आता इस्त्रीच्या आकाराचा तांबूस डाग होता.

संध्याकाळी वकील आले तेव्हा कडकबाईंनी शर्ट पसरून दाखवला आणि ताठ मानेनं म्हणाल्या, “माफ करा, नवा देईन. तुमच्या शर्टावर आमच्या जावयाचं मत उमटलंय.” वकिलांना काही कळलं नाही. पण कडकबाईंच्या तोंडून माफी ऐकायला मिळाली, यातच ते खूश होऊन गेले.

कडकबाई दुकान वेळेवर बंद करत. घड्याळाचा काटा वळला की शटर खाली, मग राजा येवो की आणखी कुणी. त्या दिवशी शटरला हात घातला आणि गल्लीच्या टोकाकडून हातात गाठोडं घेऊन पळत येणारी एक बाई त्यांना दिसली. अशी माणसं रोजच येत असतील. आज पहिल्यांदाच चेहरा दिसला. कडकबाई शटर धरून उभ्या राहिल्या. बाई धापा टाकत पोचली, तसा त्यांनी तिला यथेच्छ झापलं आणि गाठोडं आत घेतलं.

मग जावयाला जे तोंड फुटलं, ते थांबेना. चहात साखर जास्त आहे म्हणाला. कॉलरी फार ताठ होतात, लोकांच्या माना कातरतात म्हणाला. सैनिकाच्या कवितेवरून तर सासू-जावयाची अशी जुंपली, की समोरचा चष्मेवाला आपलं दुकान सोडून भांडण सोडवायला आला आणि थोड्या वेळानं स्वतःच तिसऱ्या बाजूनं भांडू लागला.

“फार बोलायला लागलाय हल्ली,” कडकबाई गिऱ्हाइकांना सांगत. तक्रार नवी होती, पण सांगताना मान उंच होई.

परीक्षेच्या दिवशी तो परतला तेव्हा बोटांना शाई होती. दाराची कविता आली होती. ‘या आईचे वागणे तुम्हाला पटते का? स्वमत लिहा.’

“पुरवणी घेतली,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कागद कमी पडला होता.

“कुणाचं मत लिहिलंत? तुमचं की माझं?”

“माझं. तुमचंही घातलंय. ‘काही जणांच्या मते तिने दार लावून झोपावे.’ मग ते का चूक आहे ते लिहिलं.”

“काही जण!” कडकबाई कडाडल्या. “मी काही जण?”

पण त्या रात्रीपासून त्यांच्या जिवाला घोर लागला. तपासणारा माणूस आपल्यासारखा निघाला तर? त्यालाही ती बाई वेडी वाटली तर? इस्पितळाच्या आवारात नव्या लिफ्टची खोकी येऊन पडली होती. लेक ती रोज बघून येई आणि काही बोलत नसे. गाइड टेबलाखाली घालायला नको होतं की घातलं तेच बरं झालं, हेच कडकबाईंना ठरवता येईना. आपणच याला बोलायला लावलं. बुडाला तर आपल्यामुळे.

निकाल लागला त्या दुपारी लॉन्ड्रीत गर्दी होती. जावई दारात येऊन उभा राहिला, इस्पितळाच्या गणवेशातच, घामानं निथळत.

“अहो, पास झालात?” लेकीनं विचारलं.

“हो,” तो म्हणाला.

कडकबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “थांबा. हा ‘हो’ खरा की नेहमीचा?”

जावई हसायला लागला. हसता हसताच त्यानं फोन लेकीच्या हातात दिला. लेकीनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि ओरडली, “आई, साहित्यात सगळ्यात जास्त मार्क! इतिहासापेक्षाही जास्त!” मग हातातली घड्या घातलेली चादर तोंडाशी धरून ती रडायलाच लागली. चष्मेवाला धावत आला. वकील शर्ट न्यायला आले होते, त्यांनी जावयाचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि “हेच का ते मत?” असं विचारलं. कडकबाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. भर दुपारी इस्त्री बंद झालेली गल्लीनं कधी पाहिली नव्हती. मग वाकून त्यांनी टेबलाच्या पायाखाली गाइड नीट आहे ना ते पाहिलं आणि टाचेनं आणखी आत ढकललं.

“चौकशीच्या खिडकीत बसणार आता आमचे जावई,” त्यांनी रस्त्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं. “नीट उत्तरं मिळतील. नाहीला नाही आणि होला हो. ज्याला ऐकवत नसेल त्यानं आजारी पडू नये!”

लोक हसले, टाळ्या पडल्या. मग कडकबाई पदर सारखा करत जावयासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“झालं ते छान झालं. मार्क मिळाले, खिडकी मिळाली. आता या सगळ्यांसमोर तेवढं मान्य करून टाका. त्या बाईनं दार लावून घ्यायला हवं होतं.”

लेकीनं तोंडाशी धरलेली चादर खाली घेतली. चष्मेवाल्यानं चष्मा वर सरकवला. जावयानं सासूकडे पाहिलं. या वेळी त्याचा आवाज अजिबात कापला नाही.

“नाही, आई.”

कडकबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एखादा शर्ट गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी उजेडात धरून बघावा, तसं. मग म्हणाल्या,

“तुमचं मत साफ चुकीचं आहे, जावईबापू. पण आहे तुमचं.”